दुपट्ट्याखालचा हात

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

फेकला! बाबांनी तक्ता सरळ भिंतीवर फेकून मारला. एक कोपरा मोडला.

गोविंदानं मोठ्या हौसेनं करून आणला होता. पाण्याचा पेला, जेवणाचं ताट, संडास, औषधाची बाटली, दुखणारं डोकं, झोपलेला माणूस — सगळ्याची रंगीत चित्रं, वर चकचकीत प्लॅस्टिक. लकव्यानं वाचा गेलेल्या माणसानं चित्रावर बोट ठेवायचं, घरच्यांनी समजून घ्यायचं. सोप्पं! बाबांनी तो डाव्या हातानं उचलला (उजवा गेलाय), पुढून बघितला, उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं. बैल पारखावा तसा पारखला आणि नापसंत केला. जन्मभर बाजारोबाजार बैलांची दलाली केलेला माणूस तो.

"बाबा, सहकार्य करा," गोविंदा म्हणाला. सहकार्य! बापाला! क्लासमधल्या पोरांशी बोलावं तसं.

(इथं मी नवऱ्याचं नाव लिहिते. एकेरीसुद्धा लिहिते. लग्नातला उखाणा सोडला तर तोंडानं बावीस वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. पण कागदावर 'अहो' कसं लिहायचं? आणि वही कुणाला वाचून दाखवायचीय!)

खरं म्हणजे त्या तक्त्यावर जे चित्र हवं होतं ते नव्हतंच. सासूबाईंचं. दोन जानेवारीला बाबांना झटका आला, त्यांना अकोल्याला दवाखान्यात ठेवलं, आणि चार तारखेला इकडं धामणगाव बढेला आई अंगणात गहू निवडता निवडता बसल्या जागी गेल्या. काही आजार नाही, काही नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "एवढ्यात धक्का नको." एवढ्यात म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. आईंची तेरवीही गावात गुपचूप उरकली. म्हणून बाबांना गावी न नेता इथं आमच्याकडं मलकापूरला आणलं आणि रोज सांगायचं काम माझ्या गळ्यात — "आई बीबी गावाले गेल्या सोजराआत्याकडे. आत्याचा पाय मोडला नं."

मीच सांगते. रोज. सकाळच्या चहाबरोबर.


१० फेब्रुवारी

सोजराआत्याचा पाय धडधाकट आहे. आज फोनवर त्याच म्हणाल्या, "अजून किती दिवस मोडून ठेवता वं माहा पाय?"


१२ फेब्रुवारी, बुधवार

हे कुणाला सांगता यायचं नाही. म्हणून इथं.

दुपारी बाबांना ताक पाजलं. लेक पूनम बारावीच्या पेपराला गेलेली, गोविंदा क्लासवर. पेला ठेवायला वाकले तर बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या हातावर टाकला. मला वाटलं तोंड पुसायचंय. तर त्यांनी दुपट्ट्याखालून माझा हात धरला!

घट्ट. डाव्या हातात अजून चांगली ताकद आहे. आधी सगळी बोटं आवळून धरली. सोडली. परत सगळी. सोडली. मग तीनच बोटं. आणि माझ्याकडं बघत राहिले.

मी हात हिसकून घेतला. स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून उभी राहिले. लाज वाटली, राग आला, आणि ज्याचा राग आला त्याचीच कीव आली. बावीस वर्षांत त्यांच्या पायाशिवाय कुठं हात लागला नाही माझा. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. आजाराचं असेल. डोक्यावर परिणाम होतो म्हणतात. पण मग दुपट्टा कशाला टाकायचा? लपवायला? माणूस झाकून काय करतो?

नको. पुढं लिहवत नाही.


१३ फेब्रुवारी

आज परत, दोनदा. तसंच! सगळी, सगळी, तीन. मी ताटली तशीच ठेवून बाहेर आले.


१५ फेब्रुवारी, शनिवार

गोविंदाच्या क्लासचा फलक नवा लावला आज. स्टेशनच्या रस्त्यावरून येताना दिसतो — "बोला! जग ऐकेल." खाली बारीक अक्षरात — प्रभावी संवाद, देहबोली, मुलाखतीची तयारी. आत भिंतीवर तक्ता आहे की संवादात शब्द फक्त सात टक्के, बाकी सगळं हावभाव आणि आवाज. कुणी मोजलं देव जाणे. पण तो रोज शिकवतो आणि पोरं वहीत उतरवून घेतात.

मी म्हटलं, "मंग बाबांचे सात टक्केच तं गेले. बाकीचे त्र्याण्णव समजून घ्या ना तुम्ही."

हसला नाही. "पुष्पा, घरी तरी मला शिकवू नको," म्हणाला.

आणि ती टोपी! आईंच्या दहाव्याला त्यानं डोकं केलं, तुळतुळीत. बाबांना दिसू नये म्हणून त्यांच्या खोलीत जाताना माकडटोपी घालायचा. जानेवारीत ठीक होतं, थंडी होती. आता दुपारी पंखा लावावा लागतो. तरी हा पांढरी क्रिकेटची टोपी कपाळापर्यंत ओढून बापाशेजारी बसतो, घाम पुसतो आणि बोलतो, "बाबा, माझ्या डोळ्यांत बघा. डोळ्यांत बघून बोललं की विश्वास वाढतो." केसांचा केवढा तोरा होता त्याला! आरशासमोर पूनमपेक्षा जास्त वेळ उभा राहायचा. असा माणूस घरात टोपी घालून बसला तर आंधळ्यालाही संशय येईल.

लोका सांगे ब्रह्मज्ञान.


१७ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी मी बोलले गोविंदाशी. म्हणजे अर्धंच बोलले.

"बाबांसाठी एखादा गडीमाणूस ठेवा. माझ्यानं नाही होत आता."

"काऊन? काय झालं?" — रागात किंवा घाईत असला की क्लासची भाषा गळून पडते त्याची.

"काही नाही. होत नाही एवढंच."

मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. हात मांडीवर, तळवे वर. ही त्याची 'मोकळी बैठक'. "मोकळेपणानं बोल. मी ऐकतोय. अजिबात मध्ये बोलणार नाही."

काय बोलू? तुमचे बाबा माझा हात धरतात? हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की परत आत घालता येत नाही. बाबांचं जन्मभराचं नाव जाईल आणि माझंही कुठं राहील? मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. तो खरंच मध्ये एक शब्द बोलला नाही. पाच मिनिटं झाली, फोन वाजला, उठून गेला.

संध्याकाळी येऊन सांगतो, "अकोल्याला एक निवासी केंद्र आहे. चोवीस तास माणसं असतात. फिजिओ, डॉक्टर, सगळं. तीन मार्चला जागा होते. तुला त्रास होतोय ते दिसतंय मला."

मी गडी मागितला होता! घराबाहेर काढा म्हटलं नव्हतं. पण 'नको'ही म्हटलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार — आणि यातला एक बुक्का माझाच, बाबांच्या पाठीत.


१८ फेब्रुवारी

फिजिओवाल्यानं विचारलं, "आजी दिसत नाहीत कधी?" बाबांच्या समोर! मी खिडकीचा पडदा सारखा करत राहिले. बाबा माझ्या पाठीकडं बघत होते.


२० फेब्रुवारी, गुरुवार

आज आईंची फार आठवण आली. उगीच नाही, कामापुरती.

बाबांशी मी सरळ कधी बोललेच नाही. तशी रीतच. सण म्हणून गावी गेलं की जेवताना बाबा दोन हातांवर बसलेले असायचे आणि मी आईंना विचारायची, "बाबांना भाकर वाढू का पोळी?" आई त्यांच्याकडं बघायच्या. बाबा आईंना सांगायचे, "भाकर म्हना तिले." मग आई मला सांगायच्या, "भाकर म्हन्ते." सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असायचं, तरी निरोप आईंच्या हातूनच जायचा. पूनम लहान असताना हसून लोळायची. "तुम्ही तिघं वायरलेसवर बोलता का?"

आणि खोकले. एकदा खोकले म्हणजे चहा. दोनदा, जरा जोरात, ओसरीवरून — म्हणजे कुणी पाहुणा सोबत आहे, पदर सावरा. काठी उंबऱ्यावर आपटली म्हणजे पाणी तापलं का. चपला न वाजवता आले म्हणजे बाजारात सौदा फिसकटला, आज कुणी बोलू नका. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका वर्षात पाठ झालं. अपमान वाटायचा त्याचा, की मला नावानं हाक मारायचीही तसदी नाही घेत. पण कळायचं सगळं. चुकलं असं एकदाही झालं नाही.

आता खोकला म्हणजे नुसता कफ. आई नाहीत, काठी कोपऱ्यात, चपला पिशवीत बांधून माळ्यावर.

आई असत्या तर मी त्यांना सांगितलं असतं हाताचं. कुठल्या तोंडानं ते माहीत नाही, पण सांगितलं असतं. आणि त्या म्हणाल्या असत्या — काय म्हणाल्या असत्या? मला माहीत नाही. म्हणूनच रडले.


२२ फेब्रुवारी, शनिवार

आज मी बाबांवर ओरडले.

गोळ्या देत होते. परत तो दुपट्टा. परत हात. आज बोटं फार जोरात आवळली, अंगठी रुतली. सगळी, सगळी, तीन. आणि घशातून आवाज — "ह... ह..." डोळे मोठे करून.

"बाबा! काय हे! सोडा म्हणते ना!"

बावीस वर्षांतलं त्यांच्याशी सरळ बोललेलं माझं पहिलं स्वतःचं वाक्य. आईंचं बीबीला जाणं, आत्याचा पाय, ते काही माझं नव्हतं. आणि हे असं निघालं!

त्यांनी हात सोडला. दुपट्टा हळूहळू ओढून घेतला. एका हातानं घडी घालायला गेले, जमली नाही. मग भिंतीकडं तोंड केलं.

रात्री जेवले नाहीत.


२३ फेब्रुवारी

जेवले नाहीत. चहा दोन घोट.


२४ फेब्रुवारी, सोमवार

गोविंदा म्हणतो नैराश्य आहे, केंद्रात गेले की बरे होतील. बॅग काढून ठेवलीय पलंगाखालून. बाबांच्या समोरच काढली. न बोलता. हा माणूस पोरांना सांगतो, तुमची प्रत्येक हालचाल काही तरी बोलत असते!

पूनमला सहज म्हणावं तसं विचारलं, "आबा तुला कधी हात-बित लावतात का गं?"

"हो, रोजच! दुपट्टा टाकतात अन् बोटं दाबतात. मले गुदगुल्या होतात, मी पळते." पुस्तकातून मान वर न करता. "पप्पांचाबी धरतात की. पप्पा म्हणतात पकड सुधारली."

गोविंदाला विचारलं. तर हा खूश! "अगं, तो व्यायाम आहे. मी मोजतो त्यांच्याबरोबर. म्हणतो, शाब्बास बाबा, अजून एकदा! मग ते चिडतात आणि सोडून देतात."

म्हणजे माझाच नाही. सगळ्यांचा धरतात. पोराचाही, नातीचाही.

पुष्पांजली, काय काय विचार केलेस तू! देवाच्या दारात उभी राहून सांगता येईल का हे? बारा दिवस मी त्या माणसाला मनात काय म्हणत होते, ते इथं लिहिलंय म्हणून पानं फाडावीशी वाटतात. नाही फाडणार. राहू दे. पण मग ते करतात काय? व्यायाम नाही, चाळा नाही. व्यायाम करणारा माणूस असा डोळ्यांत बघत नाही. काही तरी मागतायत. आणि घरात तीन शिकलेली माणसं — एक तर संवादाचा मास्तर! — तिघांना मिळून एका म्हाताऱ्याचं एक म्हणणं कळत नाही.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज दयारामबाबा आले. बाबांचे दलालीतले जोडीदार. धामणगाव बढेहून काळी-पिवळी जीपमध्ये बसून, हातात मेथीची जुडी आणि बोरं. दारातच मी त्यांना हळूच सांगितलं, "काका, आईचं काढू नका. बाबांना माहीत नाही."

"अजून नाही सांगतलं?" एवढंच म्हणाले. चपला काढायला उगीच वेळ लावला.

मग आत जाऊन मोठ्यानं, "काय बे नाऱ्या! झोपून काय राह्यला? बाजार उठला ना बे!"

बाबांनी तोंड वळवलं. पाच दिवस भिंतीला लागलेलं तोंड! आणि हसले. अर्धंच हसता येतं, पण तेवढं हसले. डावा हात पुढं केला. दयारामबाबांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. आपल्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली हात घातला.

मी दारात उभी. दुपट्टा हलत होता. दोघांची तोंडं गप्प, नजरा तिसरीकडंच, खिडकीबाहेर, जशी दोन माणसं आगगाडीची वाट बघत बसलीत. बाबांच्या घशातून मधूनच हुंकार. दयारामबाबा मान हलवत होते. दहा मिनिटं चाललं असेल. महिन्याभरात बाबांशी कुणी एवढा वेळ बोललं नव्हतं. बोललंच म्हणायचं!

माझ्या काही लक्षात येईना. दयारामबाबा बाहेर आले तेव्हा विचारलं.

"अवं बाई, हत्ता हाये तो! तुले नाही माहीत? नारायण दलालाची सून ना तू?"

कसं माहीत असणार! बैलबाजारात बाया जात नाहीत. दुपट्ट्याखाली भाव करतात एवढं कानावर होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. आणि बाजार सोडून बाबांना दहा-बारा वर्षं झाली.

चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून हात झाकायचे. "एक बोट धरलं तं एक. पाची धरले तं पाच. समोरच्याले कबूल असन तं त्यानं मूठ दाबाची. नसन तं हात काढून घ्याचा. तोंडानं नाही म्हनून मानसाचा पानउतारा नाही कराचा, कसं? अन् सौदा पटला की मंग दुपट्टा काढाचा. मंग सगळ्याईनं पाहो."

"हात काढून घ्याचा म्हणजे नाही?"

"हाव. हात काढला की नाही. संपलं."

माझ्या हातात कपबशी होती ती खाली ठेवली. चार वेळा. चार वेळा त्यांनी मला विचारलं आणि चार वेळा मी हात काढून 'नाही' म्हटलं. शेवटच्या वेळी तर ओरडून. पूनमनं हसत हसत 'नाही' म्हटलं. गोविंदानं शाब्बास म्हणून सौदाच मोडला.

"पण विचारतात काय ते?"

दयारामबाबा दाढी खाजवत म्हणाले, "तेच तं समजून नाही राह्यलं. तेरा म्हन्ते. पाच, पाच अन् तीन. मी इचारलं हजार? तं मान हालवते. शंभर? तं मान हालवते. कोनत्या जोडीचे इचारलं तं डोयात पानी. नुसतेच तेरा म्हन्ते, बाई. जुना एखादा सौदा डोक्यात अडकला असन."

जाताना परत आत जाऊन बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर येऊन मला म्हणाले, "डाव्या हातानं बोलून राह्यला आयुष्यात पह्यल्यांदा. पन हात सच्चा हाये अजून."

आज बाबा अर्धी भाकर दुधात कुस्करून जेवले.


२८ फेब्रुवारी

तेरा. तेरा गोळ्या? तेरा तारीख? तेरा हजार कुणाला द्यायचे राहिलेत का? गोविंदाला विचारलं तर म्हणाला, "पुष्पा, मेंदूला मार लागलाय त्यांच्या. अर्थ शोधू नकोस." आणि सोमवारच्या गाडीवाल्याला फोन लावला.

शोधू नको म्हणे! मग क्लासमध्ये पोरांच्या भुवयांत काय शोधतोस?


१ मार्च, शनिवार

कळलं.

सकाळी दोरीवर कपडे वाळत घालत होते. गोविंदाची पांढरी टोपी पिळली, झटकली, चिमटा लावला. आणि हात तिथंच थांबला. दहाव्याला डोकं केलं. दहाव्यानंतर काय?

तेरा. तेरवी!

भाव नाही, तारीख नाही, सौदा नाही. पाच, पाच आणि तीन. "तिची तेरवी केली का?" एवढंच विचारत होता तो माणूस. ज्याला-त्याला. पोराला, नातीला, सुनेला. तोंड बंद, चित्रांच्या तक्त्यावर असलं चित्र नाही, म्हणून जी एक भाषा शिल्लक होती तिच्यात. आणि आम्ही तिघांनी हात काढून घेऊन सांगितलं — नाही. नाही केली.

म्हणजे इतके दिवस त्यांना वाटतंय, त्यांची बायको तशीच राहिली. न जेवू घालता, न कुणाला बोलावता, तिला कुणी निरोप दिला नाही. म्हणून जेवत नव्हते. म्हणून भिंतीकडं तोंड.

ओल्या हातानंच आत धावले. गोविंदा दाढी करत होता. सगळं सांगितलं. एका दमात. हाताचं सुद्धा, मी काय समजले तेसुद्धा. आता कसली लाज!

तो आरशातूनच बघत राहिला. गालावर साबण तसाच. "आईचं त्यांना माहीतच नाही, तर तेरवीचं कसं विचारतील?" मग म्हणाला, "हा तुझा तर्क आहे. आणि तुझा तर्क चुकीचा निघाला तर? आपणच सांगितल्यासारखं होईल. डॉक्टर म्हणाले होते धक्का नको."

"डॉक्टर दीड महिन्यापूर्वी म्हणाले होते. 'एवढ्यात' म्हणाले होते! तुम्ही परत विचारलं का त्यांना?"

त्यानं वस्तरा परत गालाला लावला.

"तुम्हाले भीती कोणाची वाटते? त्यांना धक्का बसंन याची, का त्यांच्या समोर रडा लागंन याची?"

माझ्या तोंडून निघून गेलं. बावीस वर्षांत असं बोलले नव्हते. त्यानं वस्तरा ठेवला, पाणी मारलं, टॉवेलमध्ये तोंड घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग टॉवेलमधूनच, "मी नाही सांगू शकत, पुष्पा. मले नाही जमत. मी रोज लोकाईले बोलाले शिकवतो अन् मले नाही जमत."

इतक्या वर्षांत त्याचं एवढं सरळ वाक्य मी ऐकलं नव्हतं. राग गेला नाही माझा. पण कमी झाला.

"तुम्ही नका बोलू," मी म्हटलं. "बोलायचं नाहीच आहे."

बॅग अजून पलंगाशेजारी आहे. उद्या सकाळी मीच हात धरणार.


२ मार्च, रविवार

डोक्यावर पदर घेतला. बाबांच्या खांद्यावरचा दुपट्टा मीच काढला आणि आमच्या हातांवर टाकला. त्यांची पाची बोटं धरली. सोडली. परत पाची. मग तीन. आणि मूठ दाबली. जोर होता तेवढा लावून.

बाबांनी डोळे मिटले. माझा हात धरून ठेवला, मी काढला नाही. मग त्यांनी स्वतःच दुपट्टा बाजूला केला आणि माझ्यासमोर, उघड्यावर, मोठ्यानं रडले.

आवाज ऐकून गोविंदा दारात आला. टोपी घालून. बाबांनी त्याला जवळ बोलावलं, डावा हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला आणि त्याच्याकडं बोट केलं — काढ ती.

गोविंदानं टोपी काढली. बाबांनी त्याची मान खाली वाकवली आणि वाढलेल्या केसांवर आपलं बोट आडवं ठेवून बघितलं, जसं दवाखान्यातून आल्या दिवसापासून, टोपीवरूनच सगळं ओळखून, मनात रोज मोजत होते.